मास्तरांच्या नावाचं झाड

वहिनींना झाडांची आवड नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईबद्दल लोक उगाच काहीबाही धरून चालतात. त्यांच्या घरात एकही कुंडी नव्हती. कोणी फुलं घेऊन आलं तर त्यांची नजर आधी रद्दीच्या गठ्ठ्याकडे जाई, मग फुलदाणीकडे. झाड म्हणजे ओली वस्तू, आणि ओली वस्तू वेळेत वाळवली नाही तर तिला बुरशी येते, एवढंच त्यांचं वनस्पतिशास्त्र. ते मात्र त्यांनी जन्मभर बिनचूक सांभाळलं. म्हणजे, जवळजवळ.

मास्तर कॉलेजात शिकवत आणि सुट्टी लागली की डोंगरात झाडं गोळा करायला जात. बरोबरचे प्राध्यापक बाईंना वहिनी म्हणत. मग विद्यार्थी म्हणू लागले, मग शिपाई, आणि शेवटी वयानं चांगले मोठे असलेले प्राचार्यही. एकदा खुद्द मुलीनं कॉलेजात फोन करून "वहिनी आहेत का तिथं?" असं विचारलं होतं, आणि पलीकडच्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

झाडं गोळा करणं हे दोघांचं काम आहे. एकानं डोंगर चढायचा, झाड मुळासकट उपटायचं, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायचं, घडीच्या कोपऱ्यावर पेन्सिलनं क्रमांक घालायचा. दुसऱ्यानं पायथ्याशी बसून त्या घड्या दोन लाकडी जाळ्यांच्या मध्ये, म्हणजे प्रेसमध्ये, रचायच्या, पट्ट्यांनी करकचून आवळायच्या, आणि रोज सकाळ-संध्याकाळ सगळं सोडून ओले टीपकागद काढायचे, कोरडे घालायचे. ओले कागद चुलीच्या धगीला वाळवायचे, की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या कामाला मोहीम म्हणतात. दुसऱ्याला काही म्हणत नाहीत.

जुन्या काळच्या वनस्पती-मोहिमांची वर्णनं वाचायला मोठी झकास असतात. त्यांत दरडी कोसळतात, हमाल पळून जातात, ज्वर येतो, होडी उलटते, आणि शेवटी धुक्यातून एक अनोळखी फूल डोकावतं. एवढ्या सगळ्यात ते हजारो ओले कागद कोण वाळवत होतं, याचा पत्ता लागत नाही. लाजेनं आपसूक वाळत असावेत.

आता रचण्यातली एक अडचण सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. उंचावरच्या झाडांची मुळं जाडजूड आणि पानं नाजूक. मुळं सगळी एका अंगाला आली की ढीग तिरका होतो. मग पट्टा कितीही आवळा, दाब एकीकडेच बसतो आणि दुसरीकडची पानं सुरकुततात. त्यावर उपाय म्हणजे सखल बाजूला भर घालायची. पुठ्ठा असेल तर पुठ्ठा, नसेल तर जाड देठाचं एखादं तण वर्तमानपत्राच्या घडीत घालून ती घडी खुपसायची. झाडं वाळली की भर काढून फेकून द्यायची. तिच्यावर क्रमांक नसतो. भर ती भर.

मुलगी लहान असताना, तिला मावशीकडे ठेवून, दोघं एका उंच खिंडीच्या मोहिमेवर गेले होते. पायथ्याशी रेस्ट हाऊस होतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे भांड्यांचं पाणी वाहून नेणारं उघडं गटार. मास्तर पहाटे वर जात आणि उन्हं कलताना उतरत. शेवटच्या दिवशी उतरले ते तापानं फणफणतच. खाटेवर पडून डोळे मिटले तरी सूचना थांबल्या नव्हत्या.

"ढीग तिरका झालाय."

"तुम्ही झोपा बघू."

"पानं सुरकुततील."

"तुमचं तोंड सुरकुतलंय, ते आधी निस्तरू दे मला."

तरी वहिनी मागच्या दारानं बाहेर गेल्या, गटाराकडेचं जाड देठाचं तण मूठभर उपटलं, घडीत घातलं आणि ढिगाच्या सखल बाजूला सारलं. ढीग सपाट झाला. नेहमी त्या प्रेस चुलीपासून हातभर लांब ठेवत. त्या दिवशी मास्तरांच्या कपाळावरची ओली घडी बदलता बदलता प्रेस जरा चुलीजवळ राहिली. होरपळल्याचा वास आल्यावर त्यांनी धावत जाऊन ती फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाणारा ट्रक मिळाला. ड्रायव्हरनं आणि वहिनींनी मिळून मास्तरांना वर चढवलं, पाठोपाठ गठ्ठा जसा होता तसा चढवला. भर काढायची राहिली. नवरा हातचा जातो की काय अशा प्रसंगी बाईनं गटारातलं तण आठवणीत ठेवायचं असतं, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

पंधरवड्यानं मास्तर उठले आणि कॉलेजात जाऊन, शिपायानं कागद बदलत सांभाळलेला गठ्ठा सोडला. मधेच एक घडी निघाली, तिच्यावर क्रमांक नाही. त्यांनी विचार केला, आणि विचार तसा बरोबर होता: अलीकडचं झाड खिंडीतलं, पलीकडचं झाड खिंडीतलं, तर मधलंही खिंडीतलंच. तापाच्या गुंगीत क्रमांक घालायचा राहिला असणार. त्यांनी तो घातला, लेबलावर खिंडीचं नाव आणि उंची लिहिली, आणि इतर न ओळखलेल्या नमुन्यांबरोबर ते दूर देशीच्या एका मोठ्या हर्बेरियमला पाठवून दिलं. हर्बेरियम म्हणजे वाळलेल्या झाडांचं दफ्तर. कागदावर चिकटवलेली झाडं, कपाटामागून कपाटं.

झाड मरतं एकीकडे आणि शास्त्राच्या हिशेबी जन्माला येतं भलतीकडेच, तेही कधी कधी एक पिढी उलटल्यावर. हे झाड तिथं बरीच वर्षं गपगार पडून होतं. मग त्या कुळाचे एक जाणकार गृहस्थ त्या कपाटापर्यंत पोचले. त्यांच्याकडे जगभरच्या खिंडी, कडे आणि दऱ्या खणाखणांत लावलेल्या होत्या. गटारं नव्हती. गटाराकडेचं तण इतक्या लांब कोण पाठवणार? त्यामुळे जे झाड आपल्या प्रत्येक नळाशेजारी उगवतं, ते त्या कपाटांत नसल्यातच जमा होतं. गृहस्थांनी नमुना भिंगाखाली धरला, लेबलावरची उंची वाचली आणि नवी जात जाहीर केली. वर्णनात त्यांनी लिहिलं, की पानांची टोकं गडद तपकिरी, जणू होरपळलेली. उंचावरच्या कडाक्याच्या थंडीशी जुळवून घेतल्याचा हा परिणाम असावा.

नाव त्यांनी मास्तरांचं दिलं. झाडाला स्वतःचं नाव ठेवू नये असा या मंडळींत संकेत आहे. नियमाची बंदी नाही, लाजेची आहे. पण दुसऱ्यानं ठेवलं तर तो मान. मास्तरांच्या आडनावाला लॅटिन शेपूट लागलं आणि ते छापून आलं. मुलगा झाल्यावर पेढे वाटतात तसं काहीसं कॉलेजात झालं. मुलीनं पुढे लग्नानंतर आडनाव बदललं, तेव्हा घराण्याचं नाव चालवायची जबाबदारी या एका झुडपावरच येऊन पडली.

त्या लेखाबरोबर एक चित्र होतं. चित्रकारानं तो चपटा, सुकलेला नमुना पाहून झाड कसं उभं असेल याची कल्पना केली होती, आणि खिंडीतलं म्हटल्यावर ती कल्पनाही ताठ मानेनंच उभी राहिली. ते चित्र चौकट करून बैठकीत लावलं गेलं. वहिनी रोज त्याच्यावरची धूळ पुसत. त्यांनी ते ओळखलं नाही यात नवल नाही. कल्हई केलेल्या भांड्यात आपली काळी कढई कुणाला दिसते?

त्यानंतर मास्तर दर वर्षी त्या खिंडीत जाऊ लागले. एका नमुन्यावर उभी असलेली जात ही एका साक्षीदारावर उभ्या असलेल्या खटल्यासारखी असते. दुसरा साक्षीदार हवा. तपकिरी टोकांचं झाड काही सापडेना. गंमत अशी, की न सापडल्यानं झाडाची पत वाढतच गेली. आधी ते 'नवं' होतं, मग 'दुर्मीळ' झालं, मग 'अतिदुर्मीळ', आणि अलीकडे संमेलनांत 'बहुधा नामशेष' म्हणून त्याच्यासाठी क्षणभर गंभीर होण्याची पद्धत पडली होती. मास्तर भाषणात सांगत: धुकं दाटलं होतं, कड्याच्या टोकाशी मी पोटावर झोपलो, हात लांबवला, आणि बोटांना देठ लागला. सुरुवातीला यात फक्त धुकं होतं. कडा दोनेक वर्षांनी आला. पोटावर झोपणं त्यानंतरचं. मास्तर खोटं बोलत नव्हते; त्यांना ते आठवत होतं.

वहिनी दर वर्षी पायथ्याशी कागद बदलत बसत. "दुरून डोंगर साजरे म्हणतात," त्या म्हणत. "मी जन्मभर दुरूनच पाहिला. मला साजराच वाटतो."

मास्तर निवृत्त झाले, गुडघे गेले. डॉक्टरांनी जिनादेखील जपून चढा म्हटलं. मास्तर म्हणाले, "जिना मला चढायचाच नाही." त्यांना शेवटचं एकदा खिंडीत जायचं होतं. मुलीनं फोनवर आकांडतांडव केलं.

"आई, तू तरी सांग ना त्यांना. त्या खिंडीत बाबांचं काही झालं तर खाली कोण आणणार आहे?"

"तापात होते तेव्हा ट्रकवाल्यानं आणलं होतं."

"आई!"

"अगं, माझं ऐकून त्यांनी कधी मफलर बांधलाय का? डोंगर सोडणार आहेत होय?"

जायच्या आधी मूळ नमुना एकदा नजरेखालून घालावा, असं मास्तरांच्या मनात आलं. तो त्यांनी पाठवल्यापासून पाहिलाच नव्हता. मूळ नमुना, म्हणजे ज्या एका कागदावर जातीचं नाव टेकलेलं असतं तो, कपाटातून हलवत नाहीत. पण आता त्या हर्बेरियमनं सगळ्या कागदांचे फोटो लोकांना पाहायला खुले केले होते. कॉलेजच्या हर्बेरियमची संग्रहपाल ही मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं दोघांना बोलावून घेतलं आणि तो फोटो पडदाभर मोठा केला.

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. इतक्या वर्षांनी भेट होत होती. वहिनी मागे उभ्या होत्या, पर्स पोटाशी धरून.

"हे जळलंय," वहिनी म्हणाल्या.

संग्रहपाल बाई हसल्या. "नाही हो वहिनी, ते लक्षण आहे त्याचं. वर्णनातच आहे. थांबा, वाचून दाखवते." आणि त्यांनी तपकिरी टोकांचं, होरपळीचं आणि कडाक्याच्या थंडीचं ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

वहिनी पडद्याच्या आणखी जवळ गेल्या. पानांची टोकं एकाच अंगाची काळपटली होती, जे अंग चुलीकडे होतं ते. आणि देठ दोन ठिकाणी मोडून कागदात बसवला होता तो त्यांच्या पद्धतीनं. मास्तर देठ अर्धगोल वाकवत. वहिनी सरळ मोडत, टॉवेलाची घडी घालावी तसा. घरी येईपर्यंत त्यांना रेस्ट हाऊसचं मागचं दार, गटाराचा वास आणि खाटेवरची कुरकूर सगळं स्वच्छ आठवलं.

खात्री करून घेणं भाग होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी घराच्या मागच्या नळाशेजारचं तण उपटलं, वर्तमानपत्रात घातलं, वर पाटा ठेवला. वाळत आल्यावर तवा तापवून त्याच्या कडेला पानांची टोकं एका बाजूनं अलगद टेकवली. हा प्रयोग पुढे कुठल्या नियतकालिकात आला नाही, पण त्याहून नेटका प्रयोग त्या घरात झाला नव्हता. झाड निघालं ते हुबेहूब पडद्यावरचं.

आता काय करायचं, हा प्रश्न राहिला. गप्प बसलं तर मास्तर खिंडीत जाणार, आणि ते उतरतील कसे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बोललं तर मास्तर घरी राहणार, पण नाव जाणार. शास्त्राचा नियम सरळ आहे: एका झाडाला एकच नाव, आधी ठेवलेलं तेच खरं. नळाशेजारच्या तणाला फार पूर्वीच कुणीतरी लॅटिन नाव ठेवून गेलं होतं. म्हणजे मास्तरांचं नाव खाली उतरून त्या जुन्या नावामागे बरोबरीचं चिन्ह लावून उभं राहणार, फोटोच्या कडेला उभ्या असलेल्या, कोण ते कुणाला न सांगता येणाऱ्या माणसासारखं. वहिनींनी दोन दिवस भाजी निवडता निवडता विचार केला. त्यात स्वतःचाही विचार होता. बाहेर त्यांची ओळख 'त्या झाडाच्या मास्तरांच्या मिसेस' अशीच करून देत, आणि ती त्यांना आवडत नव्हती असं म्हणता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते झाड कागदावर पसरून बैठकीच्या टेबलावर ठेवलं आणि मास्तरांना हाक मारली.

मास्तर आले, चष्मा लावला, आणि कागदावर ओणवे झाले. "कुणी आणलं? वर कोण गेलं होतं? अगं, बोल ना! उंची किती? फूल आहे, फूलसुद्धा आहे याला!" त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतही नव्हता असा आनंद होता. वहिनींना वाटलं, एवढंच बघून उठावं आणि चहा टाकावा.

"मागच्या नळाशेजारी होतं," त्या म्हणाल्या. "टोकं मी तव्यावर भाजलीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मास्तर ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "शक्य नाही. ते मी स्वतः काढलंय. कड्यावर, पोटावर झोपून."

"झोपला असाल. काढलंही असेल काहीतरी. पण हे नाही."

"मला देठ आठवतोय बोटांना लागलेला."

"अहो, तुम्हाला तेव्हा मीसुद्धा आठवत नव्हते. मला सिस्टर म्हणून हाक मारत होतात."

मास्तर उठून खिडकीशी गेले. "कळलं. मी जाऊ नये म्हणून हे नाटक."

"नाटकच करायचं असतं तर छातीत कळ आली म्हणून आडवी झाले असते. त्याला एवढी मेहनत पडत नाही."

हे खरं होतं, म्हणूनच मास्तरांना लागलं. त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी भिंग शोधून काढलं. दुसऱ्या दिवसापासून खिशात भिंग घालून बाहेर पडू लागले आणि दिसेल त्या नळाशी, मोरीच्या तोंडाशी उकिडवे बसू लागले. गुडघ्यांना ते बसणं खिंडीपेक्षा काही सोपं नव्हतं. आळीतल्या लोकांना वाटलं, पालिकेनं अखेर कुणाला तरी पाठवलं. एका बाईंनी त्यांना नळाचं गळणं दाखवलं, दुसरीनं तुंबलेल्या जाळीची तक्रार सांगितली. मास्तरांनी दोन्ही मुकाट ऐकून घेतल्या. त्यांना पाहायचं होतं ते पाहून झालं होतं. बोंडावरची लव, बियांवरचे कंगोरे, पाकळ्यांची संख्या, वर्णनातलं एकेक लक्षण हजर होतं. नव्हती फक्त तपकिरी टोकं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी जन्मभर विद्यार्थ्यांना ऐकवली होती. आता ती घरात कुणी उच्चारली नाही, ही वहिनींची सभ्यता.

चौथ्या दिवशी मास्तर टेबलाशी बसले आणि लिहायला लागले.

अशा वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून नाव उतरवून घेणं अधिक शोभतं. संग्रहपाल बाई तर म्हणाल्याही, "सर, राहू द्या ना. अजून वीस वर्षांनी कुणी शोधून काढेल तर काढेल. झाडाला काय फरक पडतो?"

"झाडाला पडत नाही," मास्तर म्हणाले. "पण तोवर कुणीतरी वेडा माझ्यासारखा वर चढत राहील."

मजकूर छोटाच झाला. फक्त एका वाक्यापाशी अडलं. मास्तरांनी लिहिलं होतं: 'सदर नमुना मोहिमेतील एका मदतनिसाकडून अनवधानाने गठ्ठ्यात समाविष्ट झाला.' त्यांनी ते वहिनींना वाचून दाखवलं.

"मदतनीस कोण?" वहिनींनी विचारलं.

"तसं लिहायची पद्धत आहे."

"मी विचारतेय, कोण?"

"अगं, चूक आहे ही. तुझं नाव कशाला त्यात? मी झाकतोय तर..."

"झाकू नका. इतकी वर्षं चांगल्यात नाव नव्हतं, तेव्हा मी काही म्हटलं नाही. आता वाईटात तरी घाला."

मास्तरांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. आजवरच्या हजारो लेबलांवर 'गोळा करणारा' या शब्दापुढे एकच नाव होतं आणि ते कधी कुणाला खुपलं नव्हतं. त्यांनाही नाही. त्यांनी 'एका मदतनिसाकडून' यावर काट मारली.

हर्बेरियमची एक रीत आहे. कागदावर आधी कुणी चुकीचं नाव लिहून ठेवलं असेल तर ते खोडत नाहीत, काढतही नाहीत. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावर नवं नाव आणि ते ठरवणाऱ्याची सही. त्यामुळे जुन्या कागदांवर चार-चार चिठ्ठ्या एकीशेजारी एक नांदत असतात, एकत्र कुटुंबात न बोलणाऱ्या जावा-जावा राहाव्यात तशा. लेख छापून आल्यावर काही महिन्यांनी त्या दूरच्या हर्बेरियमनं कागदाचा नवा फोटो लावला. मास्तरांची चिठ्ठी बसली होती. तणाचं जुनं, खरं नाव. मग: जागा, रेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरामागे, गटाराकडेला. मग: गोळा करणारी. आणि पुढे वहिनींचं नाव, माहेरच्या आडनावासकट, कारण त्यांनी तसं बजावलं होतं. संग्रहपाल बाईंनी तो फोटो छापून आणून दिला. मुलगी फोनवर रडली, आणि मग म्हणाली, "आई, तुझं नाव गटाराकडेला छापलंय." "छापलंय ना?" वहिनी म्हणाल्या.

बैठकीतलं चित्र मास्तरांनी उतरवलं नाही. तो त्यांचा प्रश्न होता. वहिनी त्याच्यावरची धूळ पुसत राहिल्या.

चढाईचा मोसम आला आणि गेला. मास्तर खुर्चीत बसून असत. ज्याच्यासाठी चढायचं तेच नव्हतं, तर चढून काय करायचं? गुडघ्यांना आराम पडला, पण माणूस आतून रिकाम्या पोत्यासारखा बसका झाला. संग्रहपाल बाई भेटून गेल्या, मुलगी आठवडाभर राहून गेली. मास्तर सगळ्यांना हसून उत्तरं देत आणि पुन्हा भिंतीकडे पाहत. आपण नवऱ्याचे पाय वाचवले आणि बाकीचं काही वाचवलं नाही, असं वहिनींना वाटायला लागलं. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. फक्त चहात साखर जरा जास्त पडू लागली.

अशाच एका सकाळी चहा पिता पिता मास्तर मधेच थांबले.

"अगं, एक विचारू? बाकीच्या मोहिमांत भर म्हणून काय घालायचीस?"

"हाताला लागेल ते."

"कुठलं?"

"जिथं असू तिथलं. कुंपणाचं, रस्त्याकडेचं. एकदा तर स्टेशनावरचं."

"आणि मग काढून टाकायचीस ना? दर वेळी?"

वहिनींनी कप बशीत ठेवला आणि प्रामाणिकपणे विचार केला. "आठवणीनं काढायचे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "बहुतेक."

मास्तरांनीही कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोरून आपला सगळा संग्रह, कपाटामागून कपाट, सरकत गेला असावा. मग ते उठले. खुर्चीच्या हाताला न धरता उठले. "चप्पल घाल," ते म्हणाले. "बाईंनी आत्ताच कुलूप काढलं असेल."

तेव्हापासून दोघं रोज कॉलेजच्या हर्बेरियममध्ये बसतात. तिथं जिना नाही. मास्तर खणातून कागद काढून समोर धरतात, वहिनी चष्म्यातून पाहतात आणि देठाची घडी कुणाच्या हातची ते सांगतात. मोहिमेचं नाव मास्तर वाचतात. त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, चूल होती की स्टोव्ह, हे वहिनींना आठवतं. काही कागदांवरून त्यांची वादावादी बाहेरच्या पॅसेजपर्यंत ऐकू येते.

"हे?"

"हे तुमचंच."

"हे?"

"तुमचंच. पुढे चला."

"हे तर अगदी नक्कीच माझं. पुढचं..."

"थांबा," वहिनी म्हणतात. "ते मागचं जरा परत दाखवा बघू."